वस्तीवरच्या गोठ्याला हात लावण्याआधी

पोरी, वस्तीवरचा जुना गोठा पाडून तिथं पत्र्याची शेड मारायचं तुझ्या मनात आहे, असं वहिनीकडून कळलं. शेत आता तू बघतेस, निर्णयही तुझाच. पण गोठा, त्याला लागून असलेली कडब्याची खोली, मागचं खळं, विहिरीची धाव आणि अंगणातलं पेव हे सगळं कसं बांधलंय आणि कशानं टिकतं, हे ठाऊक असणारी माणसं गावात आता फार थोडी उरलीत. म्हणून मला थोरल्यांकडून जे मिळालं आणि पुढं गवंडी-सुतारांच्या हाताखाली उभं राहून जे कळलं, ते लिहून देतो. वाच, आणि मग ठरव.

इमारत बघायला ठेकेदाराला घेऊन जाऊ नकोस. आधी एकटी जा, आणि पाऊस पडत असताना जा. उन्हाळ्यात कुठलीही जुनी भिंत धडधाकट दिसते. वळवाची एक जोराची सर येऊ दे, मग छत्री घेऊन गोठ्याला फेरी मार. माळवदावरचं, म्हणजे मातीच्या सपाट छपरावरचं, पाणी कुठल्या पन्हळीतून पडतं, पडून कुठं जातं, कुठल्या कोपऱ्यात डबकं साचतं, आत कुठल्या खणात गळतं, ते बघ. जिथं पाणी दिसेल तिथं कोळशानं खूण कर. दगड-मातीच्या इमारतीची बहुतेक सगळी दुखणी पाण्याची असतात. डोक्यावरचं छप्पर शाबूत आणि पायथा कोरडा असला, की मधली भिंत मातीत रचलेली असूनही पिढ्यानपिढ्या उभी राहते.

आपल्या गोठ्याचा पायथा मात्र कोरडा नाही. उत्तरेच्या भिंतीला लागून उकिरडा आहे. दादांच्या तरुणपणी तो बांधाजवळ होता. ट्रॉली लावायला सोपं जावं म्हणून हळूहळू भिंतीशी आला. शेणखताचा ओलावा बारा महिने त्या भिंतीत मुरतोय. शिवाय खत, धूळ आणि वाहून आलेल्या मातीनं बाहेरची जमीन इतकी चढली, की जोतंच बुजलं. तेव्हा पहिलं काम हे कर: उकिरडा हलव, भिंतीच्या कडेची जमीन उकरून जोत्याचे दगड मोकळे कर आणि पाणी भिंतीपासून लांब वाहून जाईल असा उतार दे. उकरताना जपून. सगळी बाजू एकदम उघडी पाडायची नाही, दोन-तीन हातांचा तुकडा घ्यायचा, आणि पायाच्या दगडाखाली कुदळ जाऊ द्यायची नाही. या कामाला पैसा जवळजवळ लागत नाही, आणि भिंत एका पावसाळ्यात फरक दाखवते.

आतल्या बाजूनं गव्हाणीमागची भिंत बघ. ढोपराएवढ्या उंचीपर्यंत पांढरी पूड सुटलेली दिसेल. बोटानं खरडलं की भिंतीचा पातळ पापुद्रा हातात येतो. तो लोणा. जनावरांचं मूत जमिनीत मुरतं, त्यातले क्षार ओलाव्याबरोबर भिंतीत चढतात, पाणी उडून जातं आणि मागं राहिलेले क्षाराचे बारीक खडे दगडाच्या, मातीच्या पोटात फुगून त्यांना फोडतात. पूर्वी अशा मातीतून सोरा काढत आणि त्यापासून बंदुकीची दारू करत. लोणा झाडायचा तो कोरड्या दिवसांत, कुंच्यानं. पाण्यानं धुतलंस तर क्षार परत आत जातात. झाडलेली पूड तिथंच पडू द्यायची नाही, पाटीत भरून लांब टाकायची. आणि खरा इलाज जमिनीत आहे: गोठ्यातली मुताची नाली बुजलीय ती उघड, फरश्या पुन्हा उतारावर बसव, म्हणजे मूत भिंतीकडं न जाता बाहेरच्या खड्ड्यात जाईल.

यावर ठेकेदार तुला सिमेंटचा गिलावा सुचवेल. तो होऊ देऊ नकोस. मातीत रचलेली भिंत जमिनीतून थोडा ओलावा ओढतच असते आणि दोन्ही अंगांनी तो वाऱ्यावर सोडत असते. वर सिमेंटचा थर चढला की ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते. मग तो आतल्या आत वर चढतो, आतली माती मऊ पडते, आणि बाहेरून भिंत मात्र नवी दिसत राहते. दोन-चार पावसाळ्यांनी एके दिवशी गिलाव्याची आख्खी चादर दगडासकट सुटून खाली येते. आपल्याच भावकीतल्या एका वाड्याच्या कुंपणभिंतीचं असं झालेलं मी बघितलंय. दगडांच्या दरजाही सिमेंटनं भरू नकोस. माती किंवा चुना हा दगडापेक्षा मऊ असायला हवा. झीज व्हायची ती दरजेची होऊ दे, ती आपण परत भरू शकतो.

आता भिंत आतून कशी आहे ते समजून घे, कारण इथं जिवाचा प्रश्न आहे. आपल्याकडची दीड-दोन हात जाडीची भिंत एकसंध नसते. बाहेरची एक रांग, आतली एक रांग, दोन्ही काळ्या दगडाच्या, आणि मधे दगडांचे तुकडे व माती. चांगला गवंडी प्रत्येक दोन-तीन थरांनंतर एखादा लांब दगड आरपार घालून दोन्ही रांगा बांधून घेतो. घाईत बांधलेल्या भिंतीत तो दगडच नसतो. अशी भिंत पाणी प्यायली की भाकरीचे पापुद्रे सुटावेत तशा दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटतात. बाहेरून बघणाऱ्याला भिंतीला पोट आलेलं दिसतं. गोठ्याच्या चारी भिंतींना वरून ओळंबा सोडून बघ. पोट चार बोटांपेक्षा कमी असलं तर चिपा मारून, दरजा भरून आणि आरपार दगड घालून ते थांबवता येतं. जास्त असलं तर तेवढाच भाग उतरवून पुन्हा रचायचा. उतरवण्याआधी वरच्या तुळईला टेकू दे, दगडांवर खडूनं आकडे घाल, आणि ते जसे निघाले तसेच ओळीनं मांडून ठेव. कोपऱ्याचे घडीव दगड तर डोळ्यात तेल घालून सांभाळ. तसे घडवणारे पाथरवट आज शोधावे लागतात.

रचायला माती कुठली? गावठाणातली पांढरी, शेतातली काळी नाही. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यात रचलेली भिंत दर मोसमात हलते. पांढरी माती त्या मानानं स्थिर. तिच्यात गव्हाचा भुसा, थोडं शेण घालून आठवडाभर भिजत ठेवायचं, रोज तुडवायचं. आंबलेल्या चिखलाचा वास बदलतो आणि तो हाताला तुपकट लागतो. मग तो कामाचा. मात्र ही माती पडक्या घरांच्या ढिगाऱ्यातून घे, नदीकाठच्या जुन्या टेकाडाला कधी हात लावू नकोस. पांढरीची टेकाडं म्हणजे जुन्या वस्त्या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची मातीची घरं तिथं मिळाली, आणि घरांजवळ धान्य साठवायची पेवं आणि कणग्या ठेवायचे मातीचे गोल ओटेसुद्धा. आपल्या अंगणात जे आहे तेच. अशी किती टेकाडं शेतात माती टाकायला आणि भिंती लिंपायला उकरून नेली गेली, त्याची गणती नाही.

चुना लागेल तो फक्त उघड्या जागी: कठड्याच्या माथ्यावर, पन्हळीच्या भोवती, जोत्याच्या दरजांत. बाजारातल्या तयार पुडीवर जाऊ नकोस, भट्टीचा कळीचा चुना मिळव. तो पाण्यात विझवताना उसळतो. एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, तेव्हा लहान मुलांना लांब ठेव आणि चष्मा लाव. विझवलेला चुना निदान पंधरा-वीस दिवस पाण्याखाली ठेवायचा, जितका मुरेल तितका चांगला. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत. विहिरीजवळ जे दगडी चाक पडलंय ते चुन्याच्या घाणीचं आहे. गोल चरीत ते बैलानं फिरवून चुना-वाळू मळत. ते विकू नकोस.

माळवदावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण गोठा उभा राहणार की पडणार हे तिथं ठरतं.

खाली उभी राहून वर बघ. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यावर हाताएवढ्या जाडीच्या काटक्यांचं किलचन. किलचनावर तरवड-निरगुडीचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर खारी माती. ही खारी माती हाच माळवदाचा जीव. ज्या चोपण रानात पीक धड येत नाही, तिथली ती माती. तिच्यात सोडियमचे क्षार असतात. पहिल्या पावसात तिचे बारीक कण फुगून सुटे होतात आणि खालच्या फटी बुजवतात, मग पाणी आत उतरत नाही. हीच माती उभ्या भिंतीला लावली तर वाहून जाते, पण माळवदावर तिला तोड नाही. पारख अशी करायची: काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घे, त्यात हरभऱ्याएवढं ढेकूळ अलगद सोड, हलवू नकोस. ढेकळाभोवती गढूळपणा पसरला आणि तास-दोन तासांनीही तळाशी बसला नाही, तर माती चालेल. ढेकूळ नुसतं विरून खाली बसलं आणि पाणी नितळ राहिलं, तर दुसरं रान बघ.

दरवर्षी रोहिणी निघायच्या आत माळवदावर चढायचं. उगवलेलं गवत, पिंपळाची रोपं मुळासकट काढायची. पिंपळ बोटभर असतानाच, एकदा मुळानं तुळई गाठली की उशीर झाला. भेगा खाऱ्या मातीनं बुजवायच्या, चोपण्यानं चोपायच्या, पन्हळी साफ करायच्या. सान्यावर, म्हणजे उजेडाच्या भोकावर, पावसाळ्यात पालथं घमेलं ठेवायचं आणि उघडीप मिळाली की काढायचं, नाहीतर खालची हवा कोंदते. एवढं दर साली झालं तर माळवद गळत नाही. एक साल चुकलं तर गळतं, आणि दोन-तीन सालं चुकली तर किलचन कुजतं.

आणि आता जे सांगतो ते ध्यानात ठेव. नवी माती टाकायच्या आधी तेवढी जुनी माती खाली उतरवायची. हा नियम माझ्या आजोबांचा, आणि लोक तो विसरले. गळतंय म्हणून दर वर्षी वर पाट्या ओतत गेले. फूटभर जाडीची माती असली तर एका चौरस मीटरवर जवळजवळ अर्धा टन वजन बसतं, आणि ती भिजली की आणखी वाढतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जनाच्या रात्री लोक गाढ झोपले होते. आरपार दगड नसलेल्या जाड भिंती दोन्हीकडं फाकल्या आणि वर्षानुवर्षं साठलेली माती माणसांवर आली. लातूर-उस्मानाबाद भागात हजारो जीव गेले. आपल्या भागानं त्याआधी ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट अनुभवली होती; त्या दिवशी गोठ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात पडलेली फट अजून दिसते. माती-दगडाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. बांधलेल्या भिंतीवर वीतभर मातीचं छप्पर ही एक गोष्ट, आणि फाकलेल्या भिंतीवर दोन हात मातीचा ढीग ही वेगळी.

तेव्हा यंदा माळवदावर मजूर चढवायचे ते माती टाकायला नाही, काढायला. सळईनं टोचून जाडी मोज. वीतभर ठेवून बाकीची उतरव, सगळीकडून सारखी, एका बाजूचं ओझं एकदम कमी करू नकोस. गवंडी बोलाव आणि भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर आरपार बांध घाल. योग्य लांबीचे दगड मिळाले नाहीत तर दोन्हीकडून जपून भोक पाडून त्यात वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. इथं मात्र सिमेंटला माझी हरकत नाही. हे काम एखाद्या इमारतीच्या अभियंत्याला दाखवूनच कर, जुनी बांधणी कळणारा शोध. आणि काहीही झालं तरी गोठ्यात माणसांनी रात्री झोपायचं नाही, हे काम पुरं होईपर्यंत तर नाहीच.

खांबांकडं ये. बाभळीचे आहेत, आणि प्रत्येकाच्या पायाशी तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड, आहे, पण तो तुला दिसणार नाही. गोठ्यात दर दोन-चार वर्षांनी मुरूम टाकून जमीन वर आली आणि तळखडे गाडले गेले. लाकूड थेट मातीत उभं राहिलं; वाळवीला आणखी काय हवं? प्रत्येक खांबाभोवतीचा मुरूम काढून दगड उघडा कर. मग हातोडीच्या दांड्यानं खांब खालून वर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लाकूड निरोगी, बद्द आला तर आतून पोकळ. खालचा दीड-दोन हात कुजला असेल आणि वरचा भाग चांगला असेल, तर आख्खा खांब बदलायचा नाही. वर टेकू देऊन कुजकं कापायचं, सुताराकडून खाच पाडून नवा तुकडा जोडायचा. नवं लाकूड तोडल्या तोडल्या वापरू नकोस. जुने लोक बाभळीचा ओंडका काही महिने ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवत. त्यातला किड्यांना गोड लागणारा रस पाण्यात उतरतो. वाळवल्यावर करंजाचं तेल द्यायचं, वर्षाआड परत.

ट्रॅक्टर आत घ्यायला मधला एक खांब काढू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, आणि सगळा हिशेब त्या मापावर आहे. एक खांब काढला की तुळईवर दुप्पट लांबीचा भार येतो. ती एकदम मोडत नाही, वाकत जाते, आणि माळवदाचा उतार उलटा होऊन पाणी मधोमध साचतं. ट्रॅक्टरला, संकरित गाईंना शेड हवीच असेल तर बांध, मी आडवा येणार नाही. पण ती गोठ्यापासून दहा-पंधरा हात लांब, आणि तिच्या पत्र्याचं पाणी जुन्या भिंतीवर पडणार नाही अशी. वैशाखात दुपारी दोन्ही ठिकाणी पाच पाच मिनिटं उभी राहा. पत्र्याखाली जनावर धापा टाकतं, खाणं कमी करतं, दूध आटतं. माळवदाखाली दुपारचं ऊन पोचायला संध्याकाळ होते. म्हाताऱ्या बैलांना आणि वासरांना जुन्या गोठ्यातच ठेव.

कडब्याच्या खोलीबद्दल एवढंच: समोरासमोरच्या भिंतींतले झरोके दादांनी पोत्यानं बुजवलेत, ते उघड. ओलसर कडबा कोंदट खोलीत रचला की आतून तापतो, कधी कधी पेटही घेतो. आणि त्या खोलीतून गेलेली विजेची तार आजच काढून टाक.

पेवाविषयी नीट वाच, दोनदा वाच.

सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या गावात, हळदीची पेवं आहेत. सांगलीच्या बाजारातली हळद पिढ्यानपिढ्या त्यांत राहिली. त्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथली जमीन घट्ट आहे, पाणी पाझरत नाही, म्हणून वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली घेर रुंद होत गेलेली खोल पोकळी नुसत्या मातीत कोरता येते. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि त्यातली कितीतरी पेवं कायमची गेली. वीट नाही, दगड नाही. मातीत कोरलेली जागा एकदा ढासळली की दुरुस्त होत नाही. आपलं पेव ज्वारीचं, हरिपूरच्या पेवांपेक्षा लहान, पण घडण तीच. तळाला आणि कडेनं कडबा-पाचटाचं अस्तर, मधे ज्वारी, तोंडावर फरशी आणि चिखलाचं लिंपण. बंद पेवात धान्य आणि त्यातले किडे श्वास घेत राहतात, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे मरतात. औषध न लावता ज्वारी वर्षानुवर्षं राहायची ती यामुळं. कडेची थोडी काळी पडायची, तिला पेवाचा वास यायचा, ती जनावरांना.

जो वायू किड्याला मारतो तो माणसालाही मारतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो, त्याला रंग नाही, वास नाही. पेव उघडलं की कुणीही लगेच आत उतरायचं नाही. आमच्या वेळी फरशी काढून एक दिवस-रात्र तोंड उघडं ठेवत, सुपानं, पोत्यानं हवा हलवत, मग दोरीला बांधून कंदील सोडत. विझला तर उतरायचं नाही. पण कंदील जळतोय म्हणजे धोका टळला, असं मानू नकोस. ज्योत तेवत असतानाही वायू माणसाला गुंगी आणण्याइतका असू शकतो. आता वायू मोजायचं यंत्र मिळतं, हवा फेकणारा पंखा मिळतो, त्याशिवाय कुणाला उतरवू नकोस. कमरेला दोर, आणि वर ओढून काढायला दोन धट्टी माणसं. आणि आत कुणी कोसळलंच, तर त्याच्यामागं वाचवायला उडी टाकायची नाही. पेवात एकामागून एक माणसं जातात ती याच मायेपोटी. वरून दोर ओढ, अग्निशमन दलाला फोन कर.

रिकामं पेव ठेवायचं असलं तर तोंडावरची फरशी पक्की कर, भोवती टोचणारं कुंपण घाल आणि छपराचं, अंगणाचं पाणी तिकडं येणार नाही असा वरंबा दे. त्याच्यावरून ट्रॅक्टर जाऊ देऊ नकोस, वरची माती किती पातळ झालीय हे वरून कळत नाही. ते ढासळायला लागलंच तर थरावर थर मुरूम टाकून, चोपून भर. तिथं मुलं खेळतात. हौसेपायी धोका ठेवायचा नाही. पण त्याआधी वरून, तोंडातून दिवा आणि फोन सोडून आतले फोटो काढून ठेव.

खळ्याचं काम आता मळणी यंत्र करतं. तरी ती गोल जागा सारवून ठेव, हळद-शेंगा वाळवायला तिच्यासारखी दुसरी नाही, आणि मधोमधचं तिवड्याचं, म्हणजे मळणीच्या खांबाचं, भोक बुजवू नकोस. विहिरीची धाव, म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट, तर मला फार जिव्हाळ्याची. नाडा-सोंदूर गेले, मोट गेली, पंप आला; धाव आणि मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं मात्र जागच्या जागी आहेत. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ च्या दरम्यान बांधली, ती बघायला लोक लांबून येतात. तिच्यासारख्या मोटांच्याच साध्या विहिरी आपल्या शिवारात किती होत्या. त्यांचे दगड बंगल्यांच्या पायात गेले. आपल्या थारोळ्याचा एकही दगड हलवू नकोस. पंपाचं पाणी त्यातच पाड आणि तिथूनच पाटाला लाव. वापरात असलेला दगड कुणी उचलून नेत नाही.

तेच सगळ्या वस्तीचं. रिकाम्या गोठ्यात कुणी रोज पाऊल टाकत नाही, म्हणून गळती तीन महिन्यांनी कळते. जनावरं नसली तर बियाणं ठेव, अवजारं ठेव, कोंबड्या ठेव, पण रोज दार उघडलं गेलं पाहिजे. पुण्या-मुंबईकडून जुने खांब, दारं, कोरीव तुळया विकत घेणारे लोक येतील. हॉटेलात, रिसॉर्टमध्ये लावायला त्यांना हव्या असतात आणि ते चांगला भाव सांगतात. एक खांब दिला की छप्पर गेलं, आणि छप्पर गेलं की दोन पावसाळ्यांत भिंती.

आणि हे सगळं कागदावर उतरव. टेपनं प्रत्येक खणाचं माप घे, समोरून आणि वरून नकाशा काढ, प्रत्येक कोपऱ्याचा फोटो. वास्तुकलेच्या कॉलेजातली मुलं जुन्या इमारतींची मोजमापं घ्यायला येतात, त्यांना बोलाव, जेवू घाल. कुठल्या भागाला काय म्हणतात ते मला, नाहीतर तुकड्या-तुकड्यानं का होईना आपल्या जुन्या सुताराला विचारून त्या नकाशावरच लिही.

यंदाचा क्रम असा लाव. उकिरडा आणि विजेची तार या आठवड्यात. अक्षय तृतीयेपर्यंत जोतं आणि मुताची नाली. रोहिणीच्या आत माळवदावरची जास्तीची माती खाली आणि पन्हळी साफ. पावसाळ्यात भिंतींना हात लावायचा नाही, नुसत्या खुणा करत राहायचं. आषाढात बेंदराला बैल रंगवायच्या आधी गोठा आतून सारवून घे. दसरा झाला की गवंडी लाव, उत्तरेच्या भिंतीपासून सुरुवात, आरपार बांध तेव्हाच. सुतार माघात, लाकूड तोवर डोहातून निघून वाळलेलं असेल. पेवाची फरशी मी आल्याशिवाय हलवू नकोस.